चिठ्ठी कोणाच्या नावाने?

साताऱ्याच्या पूर्वेकडील एका तालुक्याच्या गावी सदतीस वर्षे मी दवाखाना चालविला, आणि त्या काळात रोग्यांनी मला जे प्रश्न विचारले त्यांत "डॉक्टर, मला काय झालंय?" ह्याच्या खालोखाल, किंबहुना पुष्कळदा त्याच्याही अगोदर येणारा प्रश्न "आता कुणाकडं जाऊ?" हा असे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास वैद्यकाचे शिक्षण लागते. दुसऱ्याचे उत्तर मात्र थोडी माहिती करून घेतली तर कोणाही गृहस्थाला, आणि घरातली दुखणीबाणी काढून शहाण्या झालेल्या कोणाही गृहिणीला, बहुतांशी स्वतःच देता येईल, अशी माझी खात्री आहे. ती माहिती वेळेवर हाताशी नसल्यामुळे किती महिने आणि किती पैसे वाया जातात, आणि प्रसंगी एखादा डोळा किंवा मूत्रपिंड कसे कायमचे गमवावे लागते, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

एक हकीकत अजून डोळ्यांसमोर आहे. पंचेचाळिशीच्या एक बाई रक्तदाब मोजून घेण्यासाठी आल्या होत्या. यंत्राचा पट्टा दंडाला गुंडाळताना माझे लक्ष त्यांच्या बोटांकडे गेले. दोन्ही हातांच्या बोटांचे मधले सांधे चातीसारखे झाले होते, मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे निमुळते. मूठ मिटायला सांगितली तर बोटांची टोके तळहाताला टेकत नव्हती. "सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात?" असे विचारताच त्या म्हणाल्या, "भाकरीची वेळ टळून जाते, डॉक्टर. आता सूनच थापते." चौकशी करता कळले की, चौदा महिने त्यांचे मनगट आणि गुडघे दुखत होते, त्यासाठी त्या दोन ठिकाणी हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या, एक्स-रेमध्ये हाडे शाबूत दिसली होती, वेदनाशामक गोळ्या मिळाल्या होत्या, आणि त्या गोळ्यांनी पोटात आग पडू लागली म्हणून पोटाच्या डॉक्टरांकडून आणखी गोळ्या आणल्या होत्या. ह्यांपैकी कोणीही त्यांना फसविले नव्हते. ज्याने त्याने आपल्या अखत्यारीतला अवयव पाहिला आणि आपल्यापुरता योग्य तो इलाज केला. परंतु रोग हाडांचा नव्हताच. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्यामुळे होणारा तो आमवात होता, ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, आणि त्याचे तज्ज्ञ अस्थिशल्यचिकित्सक नसून ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट असतात, एवढी एकच गोष्ट त्या चौदा महिन्यांत त्या बाईंना कोणी सांगितली नव्हती. मी पुण्यास चिठ्ठी दिली. आठवड्यातून एकदाच घ्यावयाची गोळी आणि ठरावीक मुदतीने रक्ताची तपासणी असा क्रम सुरू झाला, आणि चार-पाच महिन्यांनी त्या पुन्हा भाकरी थापू लागल्या. उजव्या हाताची दोन बोटे मात्र तोवर वाकडी झाली होती, ती तशीच राहिली.

विशेषज्ञ ही पश्चिमेकडून आलेली नवीन कल्पना आहे असा जो समज आढळतो तो बरोबर नाही. आपल्याकडे आयुर्वेदाची आठ अंगे फार प्राचीन काळीच निराळी झाली होती. कायचिकित्सा वेगळी, शल्य वेगळे, बालकांचे तंत्र वेगळे, आणि मानेच्या वर जे डोळे, कान, नाक, मुख आहेत त्यांचे ऊर्ध्वांग किंवा शालाक्य हे अंग वेगळे. कायचिकित्सेचा मुख्य ग्रंथ जी चरकसंहिता, तिच्यात गुल्माची चिकित्सा सांगता सांगता, गुल्म पिकला तर पुढील कर्माचा अधिकार धन्वंतरीच्या परंपरेतील शल्यवैद्यांचा, असे ग्रंथकाराने स्वच्छ नमूद केले आहे. स्वतः सर्व औषधींचा ज्ञाता असून, जेथे शस्त्र लागते तेथे आपला अधिकार संपतो, हे सांगण्यास तो कचरला नाही. आमच्या व्यवसायातील सर्वांत जुनी चिठ्ठी मी हीच मानतो; आणि आजच्या सर्व तज्ज्ञांची मांडणी समजून घेण्याची किल्लीही तीतच आहे.

ती किल्ली अशी. तज्ज्ञ निवडताना बहुतेक लोक फक्त अवयवाचा विचार करतात: छातीत दुखते म्हणजे हृदयाचे डॉक्टर, लघवीची तक्रार म्हणजे किडनीचे डॉक्टर. परंतु जवळजवळ प्रत्येक मोठ्या अवयवाला दोन तज्ज्ञ असतात. एक औषधाने उपचार करणारा, दुसरा शस्त्राने. पहिला एम.डी.च्या वाटेने येतो, दुसरा एम.एस.च्या. साडेपाच वर्षांचा एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम, त्यात शेवटचे एक वर्ष रुग्णालयातील उमेदवारीचे. त्यानंतर तीन वर्षे एम.डी. किंवा एम.एस.; आणि त्याहूनही सूक्ष्म विषय घ्यावयाचा असेल तर आणखी तीन वर्षे, औषधाच्या बाजूस डी.एम. आणि शस्त्राच्या बाजूस एम.सीएच. म्हणजे हृदयविकाराचा किंवा मेंदूविकाराचा तज्ज्ञ होण्यास बारावीनंतर साधारण साडेअकरा वर्षे लागतात. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.एन.बी. ही पदवीही ह्याच श्रेणीची आहे, तेव्हा ती पाहून शंका घेण्याचे कारण नाही. एक बाब मात्र ध्यानात ठेवावी: आयुर्वेदातही एम.डी. आणि एम.एस. ह्याच नावांच्या पदव्या आहेत. त्या शास्त्राचा उपचार घ्यावयाचा असेल तर तो त्या शास्त्राच्या जाणत्याकडून खुशाल घ्यावा. पण आपण कोणत्या शास्त्राच्या दारात उभे आहो हे कळण्यासाठी पाटीवरील पदवीच्या पुढचा विषयही वाचावा. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि औषधाच्या कागदावर छापणे हे २००२ च्या नियमावलीप्रमाणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, आणि महाराष्ट्रात ती नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या दप्तरी तपासता येते.

आता जोड्यांकडे वळू. मूत्रपिंडाची जोडी सर्वांत जास्त घोटाळ्याची, म्हणून तिच्यापासून आरंभ करतो. मुतखडा, पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, लघवी अडणे, लघवीतून रक्त जाणे, मूत्रमार्गातील गाठ, हे सर्व युरॉलॉजिस्टचे क्षेत्र. तो शल्यचिकित्सक असतो आणि दुर्बीण घालून खडा फोडणे किंवा काढणे हे त्याचे रोजचे काम असते. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली आणि पायांवर येणारी सूज, लघवीला येणारा फेस, तपासणीत लघवीतून जाणारी प्रथिने, रक्तातील वाढलेले क्रिएटिनिन, लहान वयातील उच्च रक्तदाब, ही नेफ्रॉलॉजिस्टची कामे. डायालिसिसची तजवीज तोच करतो, आणि प्रत्यारोपणात शस्त्रक्रिया युरॉलॉजिस्टने केली तरी नवे मूत्रपिंड पुढे आयुष्यभर सांभाळण्याची जबाबदारी नेफ्रॉलॉजिस्टवर असते. मधुमेह होऊन दहा वर्षे झालेला इसम लघवीच्या खड्यासाठी युरॉलॉजिस्टकडे चार वेळा जातो आणि क्रिएटिनिन वाढत असल्याची नोंद कोणी घेत नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे. खडा दुखतो म्हणून माणूस धावतो. मूत्रपिंड निकामी होत असताना दुखत नाही, हीच ह्या अवयवाची मोठी अडचण आहे.

हृदयाचे तसेच. अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी, म्हणजे मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून बारीक नळी नेऊन अडथळा पाहणे आणि तेथे स्टेंट बसविणे, हे काम कार्डिऑलॉजिस्टचे, आणि तो सर्जन नव्हे. छाती उघडून बायपास करणारा किंवा झडप बदलणारा तो हृदयशल्यचिकित्सक. पोटाच्या बाबतीत दुर्बीण घालून आतून पाहणारा, कावीळ, यकृताचे आजार, आतड्यांचे जुनाट दाह ह्यांवर उपचार करणारा तो गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट. अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशयातील खडे ही सामान्य शल्यचिकित्सकाची कामे. शौचावाटे रक्त गेले की आपल्याकडे त्याला सरसकट मूळव्याध म्हणण्याची रीत आहे आणि तिच्यावर गुप्त औषधे विकणाऱ्यांच्या पाट्या एस.टी. स्थानकाजवळच्या भिंतींवर पिढ्यानपिढ्या दिसतात. माझी वाचकांस कळकळीची विनंती आहे की, चाळिशी उलटलेल्या माणसाला शौचावाटे रक्त जात असेल, शौचाची सवय बदलली असेल किंवा वजन उतरत असेल, तर त्या पाट्यांकडे न जाता सर्जनकडे किंवा गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्टकडे जाऊन आतड्याची तपासणी करून घ्यावी. तेथे मूळव्याध निघाली तर आनंदच आहे.

मेंदूच्या बाबतीत जोडी नसून त्रयी आहे. अर्धांगवायू, आकडी, अर्धशिशी, कंपवात, हातापायांना येणाऱ्या मुंग्या आणि बधिरता ही न्यूरॉलॉजिस्टची. मेंदूतील गाठ, डोक्याला झालेली इजा, कवटीतील रक्तस्राव, मणक्यातील दाबलेली नस सोडविणे ही न्यूरोसर्जनची. आणि मनाचे आजार हे मनोविकारतज्ज्ञाचे, ज्यांना सायकिऑट्रिस्ट म्हणतात. ह्या तिसऱ्या दाराविषयी आपल्या समाजात जी भीती आहे ती दूर झाली पाहिजे. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, रडू कोसळणे, आयुष्य नकोसे वाटणे, कानात कोणी बोलल्याचा भास होणे, ह्या तक्रारी घेऊन रोगी आधी देवऋषीकडे, मग ताकदीच्या सलाईनसाठी माझ्याकडे, मग मेंदूच्या फोटोसाठी शहरात, आणि दोन-तीन वर्षांनी मनोविकारतज्ज्ञाकडे, असा प्रवास करतो. आणि तेथे गेल्यावर पुष्कळ वेळा काही आठवड्यांत त्याला उतार पडतो. मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. होऊन मग एम.डी. झालेला डॉक्टर असतो आणि औषध देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक हे बोलण्यातून उपचार करतात, त्यांचे कामही मोलाचे आहे, पण औषधाचा अधिकार त्यांना नाही. दोघांचे साहाय्य एकाच वेळी लागणे अगदी सामान्य आहे. घरात कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करीत असेल तर ती पोकळ धमकी समजू नये; केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते.

सांध्यांची गोष्ट वर आलीच आहे. पडल्याने, मार लागल्याने, झिजल्याने जे दुखते ते अस्थिशल्यचिकित्सकाचे. जे सकाळी अधिक आखडते, विश्रांतीने वाढते आणि हालचालीने सैल होते, जे दोन्ही बाजूंच्या लहान सांध्यांत एकदम येते, ते ऱ्हुमॅटॉलॉजिस्टचे. हा एक भेद जरी वाचकांनी पक्का लक्षात ठेवला तरी ह्या लेखाचे निम्मे सार्थक होईल. तरुण मुलाची कंबर पहाटे दुखून त्याला झोपेतून उठविते आणि चालल्यावर मोकळी होते, हेही त्याच दाराचे लक्षण आहे.

त्वचेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ह्या बाबतीत आपल्या महाराष्ट्रात फार नुकसान चालले आहे. जांघेत किंवा कमरेला नायटा उठला की माणूस औषधाच्या दुकानात जाऊन एक ट्यूब मागतो. त्या ट्यूबमध्ये बुरशीवरच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइडही असते. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस संतुष्ट होतो, लावणे थांबविताच नायटा पूर्वीहून रुंद पसरतो, पुन्हा तीच ट्यूब येते, आणि वर्षभरात कातडी पातळ पडून तीवर पांढऱ्या रेघा उमटतात, घरातील लेकराबाळांनाही तोच आजार जडतो. त्वचारोगतज्ज्ञाकडे पहिल्याच आठवड्यात गेले असते तर हे सारे टळले असते. त्वचेवरील फिकट किंवा तांबूस चट्टा बधिर असेल, त्यावर घाम येत नसेल, तर मात्र लाजेने तो झाकू नये. तो कुष्ठरोग असू शकतो, तो औषधाने पूर्ण बरा होतो, आणि ते औषध सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते.

डोळ्यांच्या बाबतीत चष्म्याचा नंबर काढणारा आणि नेत्रतज्ज्ञ ह्यांत फरक करावा. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही, आणि काचबिंदू चोरपावलांनी येतो, म्हणून ज्यांच्या आईवडिलांना तो होता त्यांनी चाळिशीनंतर नियमाने डोळ्यांतील दाब तपासून घ्यावा. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने दृष्टी चांगली असली तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा पाहून घेणे जरूर आहे. कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे ऐकू न येणे आणि नाक चोंदणे ह्यासाठी लोक जातातच. गादीवर कूस बदलताना येणारी गरगर हीही पुष्कळदा कानातून येते, आणि तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज त्यांनाच दाखवावा, हे मात्र कमी लोकांस ठाऊक असते. तंबाखू खाणाऱ्यांनी तर विशेषेकरून. दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकला तर मात्र कोणत्याही मोठ्या तज्ज्ञाची वाट न पाहता जवळच्या सरकारी केंद्रात थुंकी तपासणीस द्यावी. मुलांना बालरोगतज्ज्ञ, कारण मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नव्हे. त्याच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि त्याचा ताप निराळ्या वाटेने चालतो. थायरॉइड आणि साधा मधुमेह फिजिशियन उत्तम सांभाळतो. लहान वयातील मधुमेह, वाढ खुंटणे, अंतःस्रावी ग्रंथींचे गुंतागुंतीचे विकार एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे न्यावेत.

स्त्रीरोग आणि प्रसूती हे एकाच तज्ज्ञाचे क्षेत्र, आणि ह्या क्षेत्रात एका गोमंतकीय मराठी माणसाने जगाला दिलेल्या देणगीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. गर्भाशयाचे मुख दुर्बल असल्यामुळे चौथ्या-पाचव्या महिन्यात वारंवार गर्भ निसटणाऱ्या स्त्रियांसाठी शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर ह्यांनी मुंबईत जो टाका योजला आणि १९५५ साली प्रसिद्ध केला, तो आज जगभर शिरोडकर टाका ह्याच नावाने ओळखला जातो. दोन वेळा असा गर्भपात झालेल्या सुनेला अंगारे-धुपारे करण्यापेक्षा पुढच्या खेपेस दिवस राहताच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावे, आणि मागच्या खेपांचे सर्व कागद बरोबर न्यावेत.

कर्करोगाचे नाव काढले की घर हादरते, आणि हादरलेल्या घराला आपल्यापुढे एकाऐवजी तीन डॉक्टर का उभे आहेत हे कळत नाही. गाठ काढणारा कर्करोगशल्यचिकित्सक. सलाईनमधून किंवा गोळ्यांनी औषध देणारा तो मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट. आणि किरणांनी उपचार करणारा तो रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट. ह्या तिघांनी एकत्र बसून क्रम ठरवायचा असतो, आणि पुष्कळदा आधी औषध, मग शस्त्र, मग किरण असा तो क्रम ठरतो. म्हणून घाईने गावातच गाठ कापून घेऊन नंतर मोठ्या रुग्णालयात जाणे हे हितावह नसते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे दार २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, आणि त्याच्या प्रयोगशाळांची धुरा ज्यांनी वाहिली ते डॉ. वसंत रामजी खानोलकर शल्यचिकित्सक नव्हते. ते विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट होते. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती कोणत्या जातीची हे सांगणारा हा माणूस रोग्याला सहसा दिसतही नाही. पण त्याच्या सहीशिवाय वरील तिघांपैकी कोणालाही पुढे जाता येत नाही. सुई लावली की रोग पसरतो ही समजूत निराधार आहे, आणि ती घेऊन बसल्यामुळे तपासणीच्या वेळी रोगी पळून गेल्याचे मी पाहिले आहे.

असे न दिसणारे आणखी दोघे आहेत. क्ष-किरण, सोनोग्राफी, सी.टी. आणि एम.आर.आय. वाचणारा तो रेडिऑलॉजिस्ट. किरणांनी उपचार करणारा तो हा नव्हे. दुसरा भूलतज्ज्ञ. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखविण्यात आली, तोपर्यंत शल्यचिकित्सकाचे मुख्य कौशल्य वेगाने कापण्याचे होते. आजची सावकाश, बारकाईची शस्त्रक्रिया भुलेमुळे शक्य झाली. तरीही शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सर्जनची वाट पाहत बसलेली मंडळी भूलतज्ज्ञ दहा मिनिटे विचारपूस करण्यास आले की कंटाळतात. त्या दहा मिनिटांत काहीही लपवू नये. हलणारा दात, बसविलेली कवळी, दमा, मागच्या भुलेच्या वेळी झालेला त्रास, चालू असलेल्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, तंबाखू आणि दारूचे प्रमाण, सर्व सांगावे. आणि उपाशी राहण्याची जी वेळ त्यांनी फर्मावली असेल ती चहाच्या एका घोटानेही मोडू नये, कारण भुलेत पोटातले अन्न श्वासनलिकेत उतरले तर जीव जातो.

तातडीच्या प्रसंगी मात्र आतापर्यंत लिहिलेले सर्व बाजूस ठेवावे. छातीत दाटून येऊन घाम फुटला, एका बाजूचा हात गळाला, तोंड वाकडे झाले, वाचा अडखळली, तर कोणता तज्ज्ञ चांगला ह्याची चर्चा फोनवर करीत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे; छातीच्या दुखण्यास ई.सी.जी. निघेल अशा जवळच्या रुग्णालयात, आणि अर्धांगवायूच्या लक्षणांस सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात. मेंदूतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून लक्षण किती वाजता सुरू झाले ती वेळ कागदावर लिहून घ्यावी. विंचवाच्या दंशाने कोकणात एके काळी मुले दगावत; महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी प्राझोसिन ह्या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग करून ती वाचविण्याचा मार्ग दाखविला. ते काम कोणत्याही पंचतारांकित रुग्णालयात झाले नाही. रोग्याच्या उशाशी रात्रभर बसणाऱ्या एका फिजिशियनने ते ग्रामीण भागात केले.

म्हणूनच रोगाचे नाव ठरलेले नसेल तेव्हा पहिली पायरी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची, आणि दुसरी एम.डी. मेडिसिन झालेल्या फिजिशियनची, असा माझा सल्ला असतो. ताप उतरत नाही, वजन घटते, थकवा जात नाही, म्हाताऱ्या माणसाला एकाच वेळी चार तक्रारी आहेत, अशा वेळी चार तज्ज्ञ चार दिशांनी औषधे देतात आणि त्यांचे आपसांत पटते की नाही हे पाहणारा कोणी राहत नाही. ते काम फिजिशियनचे आहे. आमच्या व्यवसायातील एक दोष येथे सांगितला पाहिजे. रोगी पाठविण्याबद्दल पैसे देण्याघेण्याची जी कुप्रथा कट प्रॅक्टिस ह्या नावाने ओळखली जाते, ती नियमावलीने निषिद्ध ठरविली आहे आणि तरीही ती आहे. तिच्यावर रोग्याच्या हातातला उपाय एवढाच की, "ह्याच डॉक्टरांकडे का? दुसरे कोण आहेत? सरकारी रुग्णालयात ही सोय आहे का?" हे तीन प्रश्न न संकोचता विचारावेत. प्रामाणिक डॉक्टरांस ह्याचा राग येत नाही. मोठी शस्त्रक्रिया सुचविली गेली आणि प्रकरण तातडीचे नसेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास कोणतीही हरकत नाही, आणि त्यासाठी कागद मागण्यासही नाही; रोग्याने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत वैद्यकीय नोंदी देणे हे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

तज्ज्ञांकडे जाताना एका पानावर तारखेप्रमाणे आजाराची कैफियत लिहून न्यावी: कधी सुरू झाले, कशाने वाढते, कशाने कमी होते, कोणी काय दिले आणि त्याचा काय गुण आला. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटेच बरोबर न्यावीत, त्यात काढे, चूर्णे आणि दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्याही असाव्यात. जुने फोटो घडी न करता न्यावेत. त्या बाईंच्या पिशवीत चौदा महिन्यांचे सगळे कागद होते, परंतु त्यांवर तारखा पाहून ते क्रमाने लावायला मला अर्धा तास लागला. जेथे एका रोग्यास दहा मिनिटे मिळतात तेथे तो अर्धा तास कोण देणार?

आणि तज्ज्ञांकडून परत आल्यावर त्यांनी लिहिलेला कागद कपाटात ठेवून देऊ नका; त्याच आठवड्यात तो आपल्या गावातल्या डॉक्टरांना नेऊन दाखवा. मी लिहिलेल्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्यांहून अधिक चिठ्ठ्यांचे उत्तर मला कधीच पाहावयास मिळाले नाही.